किलोच्या पोटावरची सुरकुती

शिकाऊ विमान जमिनीवर आपटलं की मोठा आवाज होत असेल असं लोकांना वाटतं. तसा होत नाही. चाकं टेकताना एक धप्प येतो, विमान चेंडूसारखं पुन्हा वर जातं, परत टेकतं, आणि मग आपल्या पायांनी चालत हँगरपर्यंत येतं. पुढचा पंखा थांबतो, शिकणारा खाली उतरतो, दार लावतो. लांबून पाहणारा म्हणतो, उतरलं बरोबर. विमानाच्या अंगात काय मोडलं ते त्या वेळी कुणाला दिसत नाही, आणि ज्याला कळलेलं असतं तो कधी कधी सांगत नाही.

हे मी कुणाला दाखवायला लिहीत नाही. चौथीपर्यंत शिकले, अक्षर मोठं आणि वाकडं येतं. पण काही दिवसांपासून हातात कापड घेतलं की मन जागेवर राहत नाही. एका आपटलेल्या विमानाची खूण मी माझ्या हातानं पुसली, आणि त्याच विमानातून तासाभरानं एक मुलगी पहिल्यांदा एकटी उडणार होती. यातलं अर्धंच मी सगळ्यांना सांगितलं. उरलेलं अर्धं सहा वर्षं ठेवलं आणि तीन आठवड्यांपूर्वी सांगितलं. सांगून मोकळं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही.

अमरावती-अकोला रस्ता सोडून आत वळलं की तुरीच्या आणि कपाशीच्या वावरांमध्ये आमची धावपट्टी आहे. विमान चालवायला शिकवणारी शाळा. तिचं नाव लिहीत नाही. तीन छोटी विमानं आहेत. रेडिओवर त्यांना नंबरातल्या शेवटच्या इंग्रजी अक्षरानं बोलावतात, के म्हणजे किलो, एल म्हणजे लिमा आणि टी म्हणजे टँगो. मी पंधरा वर्षांपासून ती धुते आणि पुसते.

माझं माहेर पातूरकडचं, सासर अकोल्यातलं, जुन्या शहरातलं. मालक लवकर गेले. मी मोर्णा नदीच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या गल्ल्यांतून जुने कपडे घेऊन स्टीलची भांडी द्यायची. डोक्यावर पाटी, खांद्यावर गाठोडं. बोलायची मला पहिल्यापासून लाज. बाकीच्या बाया ओरडत जायच्या, मी नुसती दारात उभी राहायची. बाया स्वतःच बाहेर यायच्या. त्या धंद्यात तोंड नसलं तरी चालतं, हात पाहिजे. लुगडं घडी करून देतात, वरून कोरं दिसतं. आत तळवा घालून फिरवला की विरलेली जागा हाताला लागते. भांड्याचंही तसंच. उजेडात न दिसणारा पोचा बोटांना कळतो.

रफिकभाई त्याच मोहल्ल्यातले. त्यांच्या घरात पत्र्याचं काम. आजोबा धान्याच्या कोठ्या आणि लग्नाच्या पेट्या बनवायचे. हे शिकले, परीक्षा दिल्या आणि विमानाचे इंजिनियर झाले. विमान उडायला ठीक आहे, अशी सही तेच करतात. एका रविवारी माझ्या ओट्यापाशी येऊन म्हणाले, "नंदाबाई, मले सुती चिंध्या पायजे. फक्त सुती. नायलॉनचा एक धागा नको. अन् गुंड्या, हूक, चेन सगळं काढून."

मी विचारलं, "एवढ्या चिंध्या कशाले?"

"विमान पुसाले."

मला वाटलं मस्करी करून राहिले. पण पुढच्या रविवारी पुन्हा आले. मी धोतरं, बाळंतिणीच्या जुन्या साड्या आणि बनियनी वेगळ्या काढून, धुऊन, चौकोन कापून दिल्या. त्यांनी एकेक उलटा करून पाहिला. एकात हूक राहिला असता तरी काच ओरखडली असती. विमानाची पुढची काच खरी काच नसते, प्लास्टिकसारखी असते, चटकन चरे पडतात. सगळ्या चिंध्यांत एकही हूक सापडला नाही तेव्हा ते म्हणाले, "तूच ये ना पुसाले. ह्या पोट्ट्याईले मी सांगून थकलो."

असं मी हँगरमध्ये आले. काच कशी पुसायची ते त्यांनी शिकवलं. आधी नुसतं पाणी सोडायचं, धूळ वाहून जाऊ द्यायची, मग ओलं कापड वरून खाली. गोल फिरवायचं नाही. गोल चरे पडले की सूर्य समोर आला म्हणजे पायलटला पुढचं काही दिसत नाही. पंखांच्या पुढच्या कडेला किडे चिकटतात, ते भिजवून काढायचे. आणि सगळ्यात मोठं काम पोटाचं. इंजिनाचं काळं तेल मागे पोटावर पसरतं, त्याच्यावर आमची काळी माती बसते. चाकं लावलेल्या फळीवर पाठ टेकून मी विमानाखाली जाते आणि खालून पुसत येते. माझं नाक आणि विमानाचं पोट यांच्यात एक वीत अंतर असतं. पंधरा वर्षांत मी त्यांची तोंडं कमी आणि पोटंच जास्त पाहिली.

आपटणं म्हणजे काय, ते मला पोटाकडूनच कळलं. या विमानांना तीन पाय. मागचे दोन लवचिक, ते बरंच सहन करतात. पुढचा पाय म्हणजे आत लाल तेल आणि हवा भरलेली नळी, मोटरसायकलच्या शॉकअपसारखी. उतरताना मागचे दोन आधी टेकवायचे, पुढचा अलगद शेवटी ठेवायचा. नवीन शिकणारा घाबरतो, जमीन जवळ आली की नाक खाली दाबतो, आणि पुढचा पाय आधी आपटतो. तो धक्का नळीतून वर जातो आणि इंजिन आणि बसायची जागा यांच्यामध्ये जो पत्रा असतो, फायरवॉल म्हणतात, त्याच्यात शिरतो. पत्रा दुमडतो. बाहेरून दिसतं काय, तर नळीतून थोडं लाल तेल, एखाद्या रिवेटभोवतीचा, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्याभोवतीचा, रंग तडकलेला, आणि पोटावर इंजिनाच्या मागच्या बाजूला एक सुरकुती. ती लांबून दिसत नाही. हाताला लागते.

माझ्या पहिल्या वर्षी लिमाच्या शेपटाजवळ मला अशीच एक लाट लागली. धीर करून रफिकभाईंना सांगितलं. ते धावत आले, टॉर्च मारला, आणि हसायलाच लागले. "बाई, हे तर कंपनीतूनच असं आलेलं." चार-पाच शिकणारी पोरं उभी होती, तीही हसली. एक हिंदीत म्हणाला, मौसी अब इंजिनियर बनेगी. रफिकभाईंनी त्याला झापलं, पण मला लागायचं ते लागून गेलं. त्यानंतर मी बोलणं सोडलं. हाताला काही लागलं की मनात ठेवायची, रफिकभाई स्वतः पाहतील अशी वाट पाहायची. ते पाहायचेच.

शिकणारे सगळीकडचे येतात. एक दिल्लीकडचा होता, तो इतका प्रामाणिक की प्रत्येक उतरणं रजिस्टरमध्ये हार्ड लँडिंग म्हणून लिहायचा. तसं लिहिलं की विमान उभं करून तपासावंच लागतं. जॅक लावा, आरसा धरा, टॉर्च मारा. तिसऱ्या दिवशी रफिकभाई त्याला म्हणाले, "बेटा, जमीन हाये, टेकलं तर थोडं लागनारच." दुसऱ्या टोकाला एक शिकवणारे सर होते. स्वतः आपटून आले आणि म्हणाले, वारा आडवा होता. रफिकभाईंनी रजिस्टर पुढे सरकवलं. "लिवा ना सर. का वाऱ्याची सही घेऊ?" सरांनी लिहिलं. पण महिनाभर हँगरच्या बाजूला फिरकले नाहीत.

वेदांत सहा वर्षांपूर्वीच्या बॅचमधला, दर्यापूरकडचा. त्या बॅचमध्ये वऱ्हाडी बोलणारा तो एकटाच. बाकीच्यांना मी मौसी किंवा आंटी, त्याला मावशी. विमान ठेवून आला की विचारायचा, "मावशी, जेवल्या का?" मी म्हणायची, हो. एवढंच बोलणं, पण ते रोज व्हायचं. आईनं दिलेला ठेचा डब्यात असला तर मला आठवणीनं द्यायचा.

तो शुक्रवार होता, हिवाळ्यातला. नाशिकची मेघना म्हणून एक मुलगी होती, तिचा त्या दिवशी सोलो. सोलो म्हणजे शिकवणारा बाजूला नसताना पहिल्यांदा एकटीनं एक चक्कर मारून उतरायचं. सोलोच्या आधी विमान धुऊन चकाचक करायचं अशी आमच्याकडची पद्धत. घरचे येतात, फोटो निघतात. तिचे आईवडील सकाळीच आले होते, पेढ्यांचा डबा घेऊन झाडाखाली बसले होते. विमान किलो. त्याआधी वेदांत किलो घेऊन एकटा सराव करायला गेला होता. तो उतरला तेव्हा शाळेचे मुख्य शिकवणारे, मोठे सर, वर्गात शिकवत होते, रेडिओवाला दुसऱ्या विमानाशी बोलत होता, आणि रफिकभाई नुकतेच नमाजसाठी गावात निघाले होते. दुसरे इंजिनियर रजेवर. मला धप्प ऐकू आला. दोनदा.

किलो चालत आलं. वेदांत उतरला, पण नेहमीसारखा निघून गेला नाही. पुढच्या चाकापाशी वाकून पाहिलं आणि म्हणाला, "मावशी, हे खालचं तेल पयले पुसा. फोटोत दिसते."

मी पाहिलं. नळीवरून लाल तेलाचा ओघळ चाकाच्या कव्हरवर आला होता. मी पुसला. मला सांगितलं म्हणूनच पुसला असं नाही. डाग दिसला की माझा हात जातोच. तेल पुसलं, मग नळी कोरडी केली, मग कव्हर चमकवलं. ती लाल चिंधी बादलीजवळ टाकली आणि फळीवर आडवी होऊन खाली गेले.

इंजिनाच्या मागे हात गेला आणि सुरकुती लागली. उजवीकडून डावीकडे, बोटभर लांब, मग तिच्या मागे दुसरी. तिथला एक रिवेट बोटाखाली हलला. आदल्या दिवशी तिथे काही नव्हतं. किलोचं पोट मला माझ्या घराच्या पायऱ्यांसारखं माहीत होतं.

मी बाहेर आले. वेदांत तिथेच उभा होता.

"काय झालं?" त्यानं विचारलं.

"काई नाई."

"जुनं असन ते," तो म्हणाला. मी काय ते म्हटलंच नव्हतं.

तो वर्गाकडे गेला. मी ती लाल चिंधी उचलली आणि वापरलेल्या चिंध्यांच्या पिंपात टाकली, वर दुसऱ्या चार टाकल्या. असं का केलं, ते मला तेव्हा कळलं नाही असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं.

मोठे सर मेघनाला घेऊन आले. ते पुण्याकडचे, आवाज मोठा, मला नेहमी 'अहो मावशी' म्हणणारे. तोवर मी त्यांना 'हो सर' याच्यापुढे काही बोलले नव्हते. मेघना विमानाभोवती फिरून तपासायला लागली, ते करावंच लागतं. पुढचा पाय तिनं वाकून पाहिला. कोरडा, चमकणारा. पोटाखाली पूर्ण झोपून कुणी पाहत नाही. ती पुढे गेली. तिच्या वडिलांनी मोबाईल काढला.

माझ्या तोंडातून शब्द निघेना. सर, थांबा, एवढे दोन शब्द. लिमाच्या वेळचं हसणं कानात होतं आणि वेदांत वर्गाच्या दारात उभा राहून माझ्याकडे पाहत होता. रस्त्यावर रफिकभाईंची स्कूटर दिसते का पाहिलं. नव्हती. मग मी एक केलं. पोट पुसलेलं काळ्या तेलाचं कापड उचललं, त्यात मातीचा कण नाही ना ते बोटांनी पाहिलं, आणि किलोच्या पुढच्या काचेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. गोल गोल.

मोठे सर ओरडले. "अहो मावशी, डोकं ठिकाणावर आहे का? आज हिचा सोलो आहे."

"पुसते सर."

"काय पुसता? तुम्हीच भरवलं ना ते?"

"पुसते ना सर."

तेल लागलेली काच लवकर निघत नाही. आधी पाणी, मग साबण, मग पुन्हा पाणी, मग काचेचं औषध. मी प्रत्येक गोष्ट जेवढी सावकाश करता येईल तेवढी केली. मेघनाची आई जवळ येऊन म्हणाली, राहू द्या हो, होतं असं. मला ते जास्त लागलं. काच निघाली. रफिकभाई आले नव्हते. सर म्हणाले, चल मेघना, बस.

तेव्हा मी सरांना म्हणाले, "सर, खाली हात लावा."

"कुठे?"

मला सांगता येईना. मी फळीवर आडवी झाले, खाली गेले आणि तळवा त्या जागी ठेवला. "इथं." सर क्षणभर उभे राहिले असतील. मग माझ्या शेजारी त्यांचा पांढरा शर्ट जमिनीवर टेकलेला दिसला. त्यांनी हात लावला, दोनदा फिरवला, रिवेट दाबून पाहिला. बाहेर निघाले तेव्हा पाठीवर काळी माती होती. ती न झटकता त्यांनी मेघनाला सांगितलं, "आज नाही."

रफिकभाई आल्यावर इंजिनावरचं झाकण काढलं. फायरवॉलची खालची कड पापडासारखी वळली होती. ते म्हणाले, "अजून एक असंच उतरनं, अन् पुढचा पाय आत घुसला असता." मग मला विचारलं, "बाई, नळीतून तेल नोतं आलं? एवढं लागल्यावर तेल येतेच."

वेदांत माझ्यासमोर उभा होता.

"मी पाह्यलं तवा कोरडी होती," मी म्हणाले.

त्या एका वाक्यावर सगळं फिरलं. वरून, विमान खात्याची, माणसं आली, चौकशी झाली. वेदांत म्हणाला, टेकताना थोडं उसळलं होतं, पण आपटल्यासारखं वाटलं नाही. बाहेर तेल असतं तर त्यानं पाहिलं असतं, ते नव्हतं, म्हणून त्याला कळलं नसेल असं त्यांनी मानलं. त्याला शिकवणाऱ्याबरोबर आणखी काही तास उडायला लावलं आणि सोडून दिलं. मेघनाचा सोलो दोन आठवड्यांनी लिमामधून झाला. किलो महिनोन् महिने उघडं पडून होतं, मग नवा पत्रा बसला.

आणि माझं कौतुक झालं. सोमवारी सगळ्यांना रांगेत उभं करून मोठे सर म्हणाले, मावशींच्या हातांकडून शिका. टाळ्या वाजल्या. मेघनाच्या वडिलांनी नाशिकहून साडी पाठवली. रफिकभाईंनी मोहल्ल्यात सांगितलं, तर ज्या घरांतून मी कपडे गोळा करायची तिथल्या बाया मला थांबवून विचारायला लागल्या, खरंच का गं नंदा, विमान अडवलंस? नवी बॅच आली की सर मला बोलावून पोटावर हात कसा फिरवायचा ते दाखवायला लावायचे. मी दाखवायची. आवाज निघायचा नाही, पण हात दाखवायची.

वेदांत पुढचं शिकायला बाहेरगावी गेला. जाताना भेटला नाही.

गेल्या महिन्यात मोठे सर हँगरमध्ये आले, आनंदात होते. "मावशी, आपला वेदांत येतोय. शिकवायला. इथलाच पोरगा इथेच सर होणार." रफिकभाईंनाही बरं वाटलं. मी लिमाचं दार पुसत होते, तेच दार पुसत राहिले. सोलोला कुणाला सोडायचं आणि कुणाला नाही, ते आता वेदांत ठरवणार होता. जेवण जाईना. वाटायचं, तेव्हा तो वीस वर्षांचा होता, घाबरला, पुष्कळ पोरं घाबरतात. मग वाटायचं, त्यानं मेघनाला विमानापर्यंत चालत येताना पाहिलं होतं. त्या दारातच उभा होता. आणि मग वाटायचं, मी पण तिथेच उभी होते.

चार दिवसांनी मी मोठ्या सरांच्या खोलीत गेले. सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकलं, आणि म्हणाले, "हे लिहून द्यावं लागेल, मावशी. तुम्हाला जमेल तसं."

मी बाहेरच्या बाकावर बसून लिहिलं. किलो विमानाच्या पुढच्या पायावर लाल तेल होतं. ते मी पुसलं. चिंधी पिंपात लपवली. रफिकभाईंनी विचारलं तेव्हा कोरडं होतं असं खोटं सांगितलं. खाली सही. पुसायला कुणी सांगितलं ते तोंडीही सांगितलं नाही, कागदातही लिहिलं नाही. म्हटलं, आपलं आपण सांगावं, त्याचं तो पाहील.

रफिकभाईंनी वाचलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मले तरी सांगाचं होतं, बाई. मी त्या तेलासाठी आठ दिवस डोकं फोडलं. नळी खोलून पाह्यली, वायसर पाह्यलं. स्वतःवरच शक आला मले." नंतर दोन दिवस ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. त्यांच्या जागी मी असते तर तेवढंही बोलले नसते.

वेदांत रुजू व्हायला आला त्या दिवशी सरांनी कागद त्याच्यापुढे ठेवला. मलाही बोलावलं होतं. तो आता भरला आहे, दाढी ठेवली आहे, खांद्यावर पट्ट्या. त्यानं चार ओळी वाचल्या. मग परत वाचल्या.

सर म्हणाले, "यावर तुला काही बोलायचं आहे?"

"हे पूर्ण नाही सर," तो म्हणाला. सरांशी तो शुद्धच बोलतो. त्यानं टेबलावरचं पेन घेतलं आणि माझ्या सहीखाली लिहिलं. लिहून कागद फिरवून माझ्याकडे केला, मला वाचता यावा म्हणून. तेल पुसायला मी सांगितलं. विमान आपटल्याचं मला माहीत होतं. खाली त्याची सही.

कागद वर गेला. निर्णय येईपर्यंत त्याला उडायचं नाही, शिकवायचं नाही. तरी तो रोज यायचा. वर्गाबाहेर खुर्चीवर बसायचा, वर जाणारी विमानं पाहायचा. माझ्याशी बोलला नाही, मीही नाही. मी पुसायची तिथून तो दिसायचा, म्हणून मी विमानं फिरवून उभी करायला सांगायला लागले.

काल तो घरी जायला निघाला. वरून कळवलं होतं, अजून वेळ लागेल, गावी थांब. बॅग घेऊन तो हँगरमध्ये आला. मी लिमाखाली होते. त्याचे बूट दिसले, मी बाहेर आले.

"मावशी, एक विचारू?"

"विचार ना."

"तवा काहून नाई सांगतलं?"

"तुये दिवस खराब झाले असते, बापा."

"झाले असते. चार-सहा महिने. रडलो असतो, माय-बापानं बोल लावले असते, मंग पुना उभा रायलो असतो." त्यानं बॅग या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. "सहा वर्षं मी जिथं उतरलो तिथं पयले चाकाखाली वाकून पाह्यलं, मावशी. दुसऱ्याचं विमान असलं तरी. तुमी मले सोडलं असं तुमाले वाटलं. मी सुटलोच नाई."

मला रडू यायला हवं होतं, आलं नाही. तो उत्तराची वाट पाहत होता आणि मी दिलेलं उत्तर खरं नव्हतं हे मला दिसत होतं. मी त्याच्यासाठी गप्प बसले, हे मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले होते.

"तुयासाठी नाई," मी म्हणाले. "तवा तोंडातून निंगून गेलं, भेव वाटलं म्हनून. पण सोमवारी टाळ्या वाजल्या नं, तवा सांगता आलं असतं. सर होते, रफिकभाई होते. पुसनारी मीच म्हनून सांगतलं असतं तर ते सगळं गेलं असतं. मले आयुष्यात कोनी तसं म्हनलं नोतं. ते सोडवलं नाई माह्यानं."

त्यानं बॅगेचा पट्टा नीट केला. रागावला नाही, हसलाही नाही.

"हे कागदात नाई लिवलं तुमी."

"नाई."

"मंग लिवा," तो म्हणाला, आणि अकोल्याच्या बससाठी फाट्याकडे चालायला लागला.

मी परत लिमाखाली गेले. साबण वाळून गेला होता, सगळं पुन्हा ओलं करावं लागलं.

आज सकाळपासून हे लिहिते आहे. इथे लिहून भागणार नाही, ते मला कळतं. कागदाची एक प्रत मोठ्या सरांच्या कपाटात आहे. सोमवारी ती मागायची आहे. बोलायला किती वेळ लागेल ते माहीत नाही, दारात उभी राहीन, ते विचारतीलच. वेदांतच्या सहीखाली दोन बोटं जागा मी पाहिली होती. माझं अक्षर मोठं येतं. तेवढ्यात बसवायचं आहे.